थेंब न गळणारा बंधारा

वन्सं,

तुमच्या दहाव्याला पुढाऱ्यांत पहिला माइक आप्पांनी हातात घेतला आणि तुम्हाला ‘भीमामाईची लेक’ म्हटलं, तेव्हा मी पदर तोंडाला लावला. बायकांना वाटलं मला रडू फुटलं. मला आला होता राग. गेल्याच उन्हाळ्यात आमच्या पाणी वापर संस्थेच्या बैठकीत याच आप्पांनी तुम्हाला, “ताई, तुमच्या मीटरलाच ऊन लागलंय, त्याला आधी सावलीत ठिवा,” असं ऐकवलं होतं आणि अख्खी बैठक फिदीफिदी हसली होती. अध्यक्ष म्हणून मी समोरच बसले होते. मी हसले नाही, पण तुमची बाजूही घेतली नाही, कारण तुमचं म्हणणं मला पटलेलं नव्हतं. सगळं तर ते आजही पटलेलं नाही. आणि तुम्ही निघून गेलात. झोपेत, कुणाला हाकसुद्धा न मारता, आपलं भांडण मध्यावर टाकून. हे काही बरं केलं नाहीत.

भेटायला येणाऱ्या बायका म्हणतात, “नणंद-भावजयीचं तुमचं लई गूळपीठ होतं म्हणायचं.” होतंच. राहू गावाजवळच्या या वस्तीवर मी सून म्हणून आले तेव्हा तुम्ही लग्न लांबवून कॉलेजात पुढचं शिकत होतात. घरातल्यांनी मला देवघर दाखवलं, गोठा दाखवला, आणि तुम्ही मला हाताला धरून नदीवर नेलंत. मग काचेवर नदीचा एक थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलंत. त्या थेंबात काय काय वळवळत होतं! मी त्यानंतर कितीतरी दिवस नदीचं पाणी गाळून, उकळून, पुन्हा गाळून पीत होते आणि तुम्ही माझी टर उडवत होतात. पुढे तुम्ही तळेगाव ढमढेऱ्याला नांदायला गेलात, तिथल्याच बाजूच्या कॉलेजात शिकवायला लागलात, पण नदी काही सोडली नाहीत. शनिवारी पहाटे स्कूटीवरून यायचात, बंधाऱ्यावरच्या अरुंद वाटेवर उभ्या राहून मीटरची ती लांब केबल पाण्यात सोडायचात. हे, म्हणजे तुमचे धाकटे बंधू, तिला ‘ताईचा गळ’ म्हणायचे. मासा एकही लागत नाही म्हणून चिडवायचे. तुम्हाला हवा असायचा तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू. वर किती, मध्ये किती, तळाशी किती.

मोजून झालं की आमच्या ओट्यावर चहा. तो तुम्ही कायम गार करून प्यायचात आणि मी कायम त्यावरून बोलायची. आता शनिवारी एक कप जास्तीचा होतो. मी तो ओतून देते आणि नंतर त्याचं मला वाईट वाटतं.

लोकांना वाटतं तुम्ही पहिल्यापासून गळतीच्या बाजूच्या होतात. ते साफ खोटं आहे. पावसाळा सरला की खांबांमधल्या गाळ्यांत लोखंडी ढापे एकावर एक बसवायचे आणि नदी अडवायची, हे माझ्या सासऱ्यांपासून चालत आलेलं. पण ढाप्यांच्या फटींतून पाणी गळायचं. त्यातल्या त्यात तळाकडून जास्त. ते जायचं खालच्या गावाला, आणि त्या गावाशी आपलं काय सख्य आहे हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. दुष्काळात त्यांनी पोलीस आणून आपला बंधारा उघडायला लावला होता. त्या दुष्काळानंतर तुम्हीच म्हणालात, “एवढं पाणी वाया जातंय आणि तुम्ही बघत काय बसलात? आतून ताडपत्री लावा.” गावानं मग अशी ताडपत्री लावली की बोलायची सोय नाही. भोयांची पोरं बुड्या मारून तळाशी मातीची पोती रचायची. प्रत्येक वस्तीनं एक ट्रॉली माती द्यायची, असा पायंडाच पडला. नारळ फुटायचा, पेढे वाटले जायचे. नदीच्या पलीकडच्या, शिरूरकडच्या गावांतनं लोक बघायला यायचे. थेंब न गळणारा बंधारा! आम्ही छाती फुगवून दाखवायचो, आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढे होते.

मग गेल्या वर्षी वैशाखात सकाळी अडलेल्या पाण्याच्या फुगवट्याच्या कडेनं मेलेले मासे लागले. रोहू, कटला तर होतेच, चिलापीसुद्धा उलटी झाली होती. जो मासा गटारात जगतो तो मेला, हे बघून तुमचा चेहरा पडला होता. गाव म्हणालं, पुण्याची घाण. तुम्ही म्हणालात, घाण तर आहेच, पण ती जुनी आहे. नवीन आहे ते ऊन, आणि उन्हाहूनही रात्री.

ओट्यावर बसून मला तुम्ही ते समजावलं होतंत. पूर्वी उन्हाळ्यातही पहाटे गारवा यायचा. वरचं पाणी गार झालं की जड व्हायचं, खाली उतरायचं, आणि तळचं वर यायचं. नदी रात्रीतून एकदा कूस बदलायची आणि वरची हवा तळापर्यंत पोचायची. आता रात्री निवतच नाहीत. वरचं पाणी कोमट ते कोमटच, ते वरच बसून राहतं. खाली गाळ कुजत राहतो, असलेला प्राणवायू खाऊन टाकतो आणि नवा येत नाही. ऊन पाण्यात मावणारी हवाही कमी करतं. जगभरच्या तळ्यांवर काम करणाऱ्यांना हेच दिसतंय, म्हणालात. तुमची एक मैत्रीण अरबी समुद्रावर काम करायची, तिच्याशी फोनवर बोलून आलात त्या दिवशी म्हणालात, “मंगल, समुद्राचीही हीच रड आहे गं. एवढा मोठा, आणि त्याच्याही पोटात हवा कमी पडायला लागलीय.” मी म्हणाले, समुद्राचं समुद्र बघेल, आपल्या बंधाऱ्याचं सांगा.

तुम्ही सांगितलंत. तळची पोती काढा, एका गाळ्यातली फट मोकळी करा. कुजलेलं पाणी तळातून वाहतं राहिलं की वरचं पाणी खाली सरकेल, हवा घेऊन. आपण ज्याला गळती म्हणत होतो, त्यावरच ही नदी श्वास घेत होती.

मी तुम्हाला म्हणाले होते, “कालपर्यंत बंद करा म्हणत होतात, आज सोडा म्हणता. लोकांनी तुमचं काय म्हणून ऐकायचं?” तुम्ही कप खाली ठेवलात. “नदी बदलली. मी बदलले नाही तर मी कसली शिकलेली?” म्हणालात. मला ते तोऱ्यातलं बोलणं वाटलं. आमच्या उपसा योजनेच्या शेवटाला असलेल्या शेतांना पाणी आधीच पुरत नाही, त्यांचं काय? खालच्या गावाला फुकटचं पाणी का द्यायचं? तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत की ह्याची उत्तरं माझ्याकडे नाहीत. मग बैठक झाली, आप्पा बोलले, लोक हसले. तुम्ही मात्र शनिवारी पहाटे येत राहिलात.

आता दहाव्याचं ऐका. तळेगावची नदी कोरडी, म्हणून तुमचा दहावा आमच्या बंधाऱ्याच्या घाटावर केला. पाण्याला वास येत होता. भटजींनीही नाकाला उपरणं लावलं होतं. आप्पांचं झालं, आणखी दोघा-तिघा पुढाऱ्यांची श्रद्धांजली झाली, पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना. बाभळीवर बसलेला, पण हलेना. तुमचा अमोल रांजणगावची शिफ्ट टाकून आलेला, डोळे सुजलेले. तो म्हणाला, “आई, पप्पांना अंतर देणार नाय.” कावळा बसून. सूनबाई म्हणाली, “नातीला शिकवू, आई, तुम्ही म्हणाल तेवढं.” कावळा बसून. ऊन चढत होतं. आप्पा भटजींना म्हणाले, “दर्भाचा कावळा करा आन् मोकळे व्हा.” तेवढ्यात हे उठले. गुडघाभर पाण्यात जाऊन, कधी न ओरडणारा माणूस मोठ्यानं ओरडला, “ताई, तळची पोती काढतो! तुझा गाळा मोकळा करतो!”

आणि कावळा खाली आला.

लोकांच्या अंगावर काटा आला. बायका हुंदके द्यायला लागल्या. मला मात्र दिसत होतं की माणसं उन्हाला कंटाळून मांडवाच्या सावलीला सरकली होती आणि पिंडाजवळ कुणी उरलं नव्हतं. तुम्ही असतात तर हेच म्हणाल्या असतात. मला तुमचा आवाज इतका स्पष्ट ऐकू आला, की मी मागे वळून बघितलं. मग मात्र मला खरंच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी बैठक. विरोध करायला एकही माणूस नाही. वर्षभर तुम्ही मोजून, समजावून, हात जोडून जे झालं नाही, ते एका कावळ्यानं केलं. आप्पा म्हणाले, “शबूद दिलाय, मोडायचा न्हाई. एक दिस पोती काढू, दिवस मावळला की परत लावू. ताईंचा आत्मा बी शांत आन् पाणी बी जाग्यावर.” सगळ्यांनी माना डोलवल्या.

माझं डोकं फिरलं. “कावळ्याला दिलेल्या शब्दावर मी संस्थेचं एक घागर पाणी सोडणार नाही,” मी म्हणाले. तुमच्या भावाचा चेहरा पांढराफटक पडला. “मंगल, तिला सांगितलंय मी.”

“तुमी सांगितलं, संस्थेनं न्हाई. उद्या पहाटं सगळ्यांनी बंधाऱ्यावर या. मोजायचं. जे निघंल त्यावर ठरवायचं. आन् काढायची तर एका दिसापुरती न्हाई.”

त्या संध्याकाळी हे माझ्याशी बोलले नाहीत. जेवले नाहीत. मी अमोलला फोन केला. तो तुमचं मीटर घेऊन आला आणि म्हणाला, “मामी, हे तुमच्याकडंच असू द्या, मला नाय बघवत.” रात्री मी ते मीटर उशाशी घेऊन पडले, वन्सं. उद्या आकडा बरा निघाला तर? तर मीच तुम्हाला खोटं पाडणार होते, आणि तुमच्या भावाला त्यांनी दिलेला शब्द मोडायला लावणार होते, सगळ्या गावासमोर.

पहाटे सगळे आले. मी मीटर मुद्दाम आप्पांच्या हातात दिलं आणि केबल मी सोडायला लागले, हळूहळू, तुम्ही सोडायचात तशी. आप्पा चष्मा सावरून मोठ्यानं आकडे वाचत होते. वर बरं होतं. हातभर खाली गेलं तसा आकडा उतरायला लागला. आणखी खाली, आणखी उतरला. तळाशी टेकलं आणि आप्पा वाचायचं सोडून मीटर हलवायला लागले.

“वाचा की.”

“बिघडलंय ह्ये.”

मी केबल ओढून वर काढली. हवेत आल्यावर आकडा वर गेला. पुन्हा सोडली, तळाशी पुन्हा शून्याजवळ. मग आप्पांनी माझ्या हातातनं केबल घेतली आणि स्वतः सोडली. स्वतःच ओढली. परत सोडली. त्यांच्या बोटांना काळा गाळ लागला, त्याचा त्यांनी वास घेतला. “आन् हे मागल्या सालापास्नं असंच हाय व्हय?” ते म्हणाले. खरं तर मला त्या क्षणी ‘वन्सं हेच सांगत होत्या’ असं ओरडायचं होतं, पण मी केबल गुंडाळायला घेतली.

पोती काढली. पोरांनी बुड्या मारून ताडपत्री फाडली, आणि बंधाऱ्याच्या पलीकडं तळातून काळं, नासक्या अंड्याच्या वासाचं पाणी उसळलं. इतकं काळं मी कधी पाहिलं नव्हतं. एवढी वर्षं आम्ही ते पेढे वाटून जपत होतो.

दुपारी खालच्या गावच्या अध्यक्षाचा फोन. “ओ बाई, पाणी मागितलं तवा दिलं न्हाई, आन् आता घाण सोडता व्हय? आमची जनावरं पाण्याला तोंड लावंनात. आमी निघालोय तिकडं.”

ते यायच्या आत मीच गेले. हे गाडी चालवत होते. काठावर घोळका उभा होता. एकानं विचारलं, “किती दिस चालणार ह्ये काळं?” आणि वन्सं, मला माहीत नव्हतं. एवढं सगळं तुम्ही मला सांगितलंत, पण हे तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही, कारण पोती कधी निघतील असं आपल्या दोघींपैकी कुणालाच वाटलं नव्हतं. मी म्हणाले, “मला म्हाईत न्हाई. जनावरांना थोडे दिस विहिरीचं पाजा. दगडांवरनं वाहिलं की पाणी हवा धरंल, काळं संपलं की चांगलं तुमच्याकडंच येईल. न्हाई आलं तर मी हितंच हाय.” खोटा धीर मी दिला नाही. त्यांच्यातला एक म्हातारा माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, “बाई आलीया तरी. फोन करून मोकळी झाली न्हाई.” त्यावर निभावलं.

परत येताना गाडीत हे एवढंच म्हणाले, “ताई असती तर तिनं बी असंच सांगितलं असतं. म्हाईत न्हाई म्हणून.” आणि त्या दिवशी घरी जेवले.

ते दिवस मी कसे काढले ते तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसाल. रोज पहाटे बंधाऱ्यावर. रोज आधी मेलेले मासे शोधायचे, मग केबल सोडायची. पाणी काळं होतं, मग तपकिरी झालं, मग एका सकाळी वास आला नाही. तळचा आकडा किंचित हलला. फार नाही, वन्सं. ‘नदी वाचली’ असं कुणी म्हणालं तर मी त्याला गप्प करते. पण शून्य राहिला नाही. मी केबल धरून तिथंच खाली बसले. भोयांचा एकजण होडीतून म्हणाला, “काय झालं, ताई?” मी म्हणाले, काही नाही, चक्कर आली.

आणि आता माझंही खरं ठरलंय. पाण्याची पातळी उतरली आणि उपसा योजनेचा, कायम पाण्यात बुडून असायचा तो फुटव्हॉल्व्ह परवा उघडा पडला. मोटारीनं हवा ओढली. शेवटाला असलेल्या शेतांना पाणी पोचत नाही, आणि त्या शेवटात आमचा कोपराही आहे, तुमच्या वडिलांनी पहिल्यांदा ऊस लावला तो. पानं सुकून गुंडाळायला लागलीत. संध्याकाळी आप्पा ओट्यावर आले. टोमणा मारला नाही, साधंच विचारलं. “अध्यक्षबाई, तुमचाच ऊस चाललाय. लावायची का पोती?” आत हे कान देऊन बसलेत हे मला कळत होतं. आप्पांच्या मागं शेवटाकडचे आणखी दोघं उभे होते. त्यांचाही ऊस चाललाय आणि त्यांनी कुणाच्या दहाव्याला कसलाच शब्द दिलेला नाही.

पोती लावली तर तळ पुन्हा मरणार, हे मी आता स्वतःच्या हातानं मोजलंय. नाही लावली तर ह्या माणसांच्या घरात मी काय तोंड दाखवू? अर्धी लावायची का? रात्रीच्या पाळीला उपसा करून दिवसा फट मोकळी ठेवायची? खालच्या गावाशी बोलून पाळ्या बांधायच्या? ते लोक बोलतील आता, असं वाटतंय. ह्या सगळ्यावर मला तुमच्याशी वाद घालायचाय, वन्सं. आप्पांशी वाद घालता येतो, पण त्यांना शेवटी पाणी हवं असतं. तुमच्या भावाशी घालता येत नाही, ते तुमचं नाव काढलं की विरघळतात. तुम्ही मला ‘हे तुझं चुकतंय’ म्हणायचात आणि मी चुकत नसले तर तितक्याच मोकळेपणी मान्य करायचात. असं माणूस मला दुसरं नाही. तुम्ही होतात तोवर मला हे कधी बोलावंसं वाटलं नाही, आणि आता बोलतेय तर ऐकायला कुणी नाही.

आज सकाळी मी कोपऱ्यातला ऊस चाऱ्याला तोडायला लावला. त्या दोघांना सांगितलंय, पहिलं पाणी जमेल तेव्हा आधी तुम्हाला, मग मला. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं असं काही म्हणाले नाहीत. तळाची पोती काठावर रचून ठेवलीत, पोरं विचारतात, ताई, लावायची का, आणि रोज माझ्या तोंडाकडं बघत उभी राहतात. आजचा दिवस तरी मी पोती लावू दिली नाहीत.

तुमची,
मंगल